हिरवी फीत

अभ्यासिकेचं कुलूप उघडलं की अक्का आधी झाडू हातात घ्यायच्या नाहीत. कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडून आतल्या फायलींच्या फितींची टोकं एका बोटानं हलवत जायच्या. मग एखाद्याकडे वळून विचारायच्या, "भाऊ, तुनी फीत कोनती?"

तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जिचा हुद्दा कुणाला सांगता येत नाही आणि जिच्यावाचून कुणाचं चालतही नाही. पाचोऱ्याच्या आमच्या अभ्यासिकेत अक्का रोजंदारीवर होत्या. झाडायचं, पाणी भरायचं, पंखे बंद करायचे. शिक्षण चौथी. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, तरी नोकरीचे अर्ज सांभाळायला मी शिकलो तो अक्कांकडून.

तरुणपणी त्या सावद्याकडे केळीच्या बागांत मजुरी करायच्या. केळफूल बाहेर पडलं की त्या आठवड्याच्या रंगाची फीत घडाला बांधायची. मग कापणीच्या वेळी अंदाज करायला नको, एका रंगाचे घड एकदम उतरवायचे. आमचे अर्ज पिशव्यांत, गादीखाली, मोबाईलच्या फोटोंत विखुरलेले बघून त्यांनी तीच रीत कपाटात आणली. एका अर्जाला एक फाईल. अर्ज भरला की फायलीच्या कोपऱ्यातल्या भोकात हिरवी फीत, प्रवेशपत्र आलं की पिवळी, परीक्षा दिली की लाल, नाव लागलं नाही की पांढरी. फाईलच्या पहिल्या पानावर तारीख, अर्ज क्रमांक, आणि मोबाईल न् मेल कोणाचा ते लिहायचं.

"मानूस इसरी जास, फीत इसरत नही," त्या म्हणायच्या.

एकदा आमच्यातल्या एकानं शांतपणे लाल फीत बांधली. अक्कांनी फाईल उघडली.

"परीक्षा दिधी का?"

"दिली ना, अक्का."

"मंग प्रवेशपत्रवर सायबनी सही कोठे शे?"

गडी झोपून राहिला होता, गाडी चुकली होती. अक्कांनी त्याला चहा पाजला आणि पांढरी फीत हातात दिली. "बांध. पन तुनाच हातनं बांध."

माझी गोष्ट याहून वाईट होती. वडिलांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर नोकरी लागली नाही, तर मामांबरोबर सुरतला कापडाच्या कारखान्यात जायचं. त्यातच पाटबंधारे खात्यातल्या लिपिकपदाचा अर्ज मी शेवटच्या दिवशी धुळ्यात आत्याकडे असताना भरला. मेलचा पासवर्ड आठवेना. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावरच्या पोरानं स्वतःचाच मेल आणि मोबाईल टाकला. "काळजी नको, मी कळवतो," म्हणाला. मी परत येऊन हिरवी फीत बांधली. पहिलं पान मात्र कोरंच ठेवलं.

महिन्याभरानं अक्कांचं बोट माझ्या फायलीवर थांबलं. शेजारच्या मित्राची त्याच भरतीची फाईल पिवळी झाली होती.

"एकच आठवडाना दोन घड. एक पिवळा, एक हिरवा कसा?"

"येईल हो अक्का. उशीर होतो कधी कधी."

त्यांनी माझी खुर्ची उचलून भिंतीला लावली. "आज बसू नको. पहिले जाय, देखी ये."

केंद्राचा फोन बंद होता. मी मिळेल त्या एसटीनं धुळ्याला गेलो. पोरानं मेल उघडला. शेकडो लोकांच्या पत्रांत माझं प्रवेशपत्र आठ दिवसांपासून पडून होतं. परीक्षा दोनच दिवसांवर होती.

मी ती जळगावला दिली. नेमणुकीचं पत्र दिवाळीच्या आधी आलं. अक्कांनी फाईल माझ्यापुढे धरली. "घड उतरना. आते फीत सोड." मी सोडलेली फीत त्यांनी इस्त्री केल्यासारखी सरळ करून डब्यात ठेवली, पुढच्यासाठी.

यंदा रजा काढून अभ्यासिकेत गेलो, तर अक्का नव्हत्या. गुडघा धरल्यामुळे जामनेरला लेकीकडे गेल्या होत्या. कपाट जागेवर होतं. सवयीनं फिती हलवत गेलो. सगळ्यात खाली एक जुनी फाईल होती, तिची हिरवी फीत रंग उडून जवळजवळ पांढरी झालेली. पहिल्या पानावर अक्कांच्या मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'रोजंदारीवरून कायम करण्यासाठी अर्ज. मोबाईल माझा.' तारीख मी अभ्यासिकेत येण्याच्याही आधीची होती.

इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांच्यापुढे फायली नाचवत होतो. त्यांची फीत कोणती, हे एकानंही विचारलं नव्हतं.

मी तिथूनच फोन लावला. त्या हसल्या. "राहू दे भाऊ, जुनं शे ते."

"अक्का, आज बसायचं नाही," मी म्हणालो. "पहिले जातो, देखी येतो."

अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेच्या कचेरीत कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. "इतका जुना अर्ज? पोच आहे का?"

होती. तारीख होती, आवक क्रमांक होता, शिक्का होता. एक टाचणीसुद्धा हललेली नव्हती. त्यानं पोच दोनदा वाचली आणि तो आवक रजिस्टर काढायला उठला.

मी बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसलो आणि फितीचं टोक एका बोटानं हलवत राहिलो. गाठ अक्कांच्या हातची होती. ती त्यांनीच सोडायची, म्हणून मी तिला हात लावला नाही.