थांबावं म्हनून दाबलेलं लाल बटन

टावेलाच्या कारखान्यात माझी तीस वर्सं गेली. मराठी अक्षरं जोडून जोडून वाचती, विंग्रजी न्हाय. पर लाल बटन दाबलं की मोटार थांबती, एवढं हाताला ठावं. एकदा शेजारच्या मागावरल्या पोरीची वेनी पट्ट्यात गेली. म्या पळत जाऊन लाल दाबलं. केसासकट कातडं निघालं, पर डोकं ऱ्हायलं.

त्योच हात पुढं नडला.

जावयानं लेकीला कमरंच्या पट्ट्यानं मारलं. बकल पाठीत रुतलं हुतं. ती माझ्याकडं आली. तिचा फोन त्यानं आपटून फोडला हुता, म्हनून पाठीचं फोटू माझ्या फोनात काढलं. अकरा. पोलिसांना दावायला तेवढंच. पर चौकीवर जायचं धाडस हुईस्तवर लेकीचं तीन आठवडं गेलं.

तवर फोटूचं कळून त्यो दारात. लाथंनं कडी तुटली.

"म्हातारे, फोन आन हिकडं!"

दिला न्हाय, तर तोंडावर बुक्की. दात व्हटात घुसला. फोन हिसकून त्यानं समदं फोटू निवडलं आन कायतरी दाबलं. विंग्रजी चौकट आली, खाली दोन बटनं, एक पांढरं, एक लाल. म्या त्याच्या मनगटाला कडाडून चावा घेतला, फोन वढला आन लाल दाबलं. थांबावं म्हनून.

फोटू गेलं.

त्यो रगात पुसत हसला. "तूच पुसलंस की, म्हातारे!"

दुसऱ्या दिशी पुन्याहून नात आली, लेकीची पोरगी. कंपनीत सॉफ्टवेअर बनवती. तिनं फोटू परत आनायला बगितलं. पुन्ना चौकट.

"काय म्हनतंय?"

"काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा."

"काय चुकलं ते सांग म्हनावं की मेल्याला!"

नात म्हनली, "आजी, आमच्या सॉफ्टवेअरमदी पुसायची चौकट म्याच केलीया. त्यातबी लाल बटन हाय. वर लिवलंय, नक्की का?"

"कशाचं नक्की?"



आमी तिघी चौकीवर गेलो. लेकीच्या पाठीवर नुसत्या पिवळट खुना. बाईपोलीस माझ्याकडं बगून म्हनली, "आजी, तोंडाला काय झालं?"

"त्यानंच. काल."

माझ्या तोंडाचं फोटू निघालं. ते बगून लेक बोलाय लागली ती थांबलीच न्हाय. बाईपोलिसानं समदं लिवून घेतलं.

महिन्यानं नातीनं आपल्या सॉफ्टवेअरची नवी चौकट फोनवर वाचून दावली, आमचाच आकडा घालून. "हे अकरा फोटो कायमचे जातील, परत आणता येणार नाहीत." खाली 'पुसा' आन 'राहू द्या'.

"आन पुसायला गेलं, अडलं, तर?"

"का अडलं आन फोटो हायत का गेलं, ते लिवलंय."

"लाल?"

"कुटंच न्हाय, आजी."

"बरं केलंस."

लेक आता माझ्याकडंच ऱ्हाती. दाराला लोखंडी कडी बसवलीया. व्हट अजून जेवताना दुकतो.