हात जोडायला काय जातंय

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आमची पत्र्याची ट्रंक विठ्ठलकाकांनी मोटारीच्या टपावर चढवून दिली. दोरी ओढून बघितली, खाली उतरले आणि अप्पांना म्हणाले, ‘सांभाळून जावा. गुलबर्ग्यात पाण्याचं बरं हाय म्हणतेत.’ थोड्याच दिवसांपूर्वी, विहिरीवर येऊ नका म्हणून सांगायला आमच्या दारात आले होते ते हेच विठ्ठलकाका. तेव्हाही त्यांच्या आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

गावकऱ्यांनो, तुमच्यातले काही गावातच राहिलात, काही आमच्यासारखे मिळेल तिकडे पांगलात. तुम्हाला सगळ्यांना वाटतं, आम्ही दुष्काळानं गेलो.

माझ्या वडिलांचं नाव बिरप्पा. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. आळंदच्या बाजूला आमची थोडी कोरडवाहू जमीन होती, तूर-ज्वारी निघायची, थोडी मेंढरं होती. बिरोबाच्या जत्रेत पहिला ढोल वाजवायचा मान आमच्या घराचा. एका वर्षी अप्पांनी तो ढोल देवळात नेऊन ठेवला आणि पुजाऱ्याला सांगितलं, ‘दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला तिथं कोण दिसंना.’ लोक कारण शोधत राहिले. घरात कुणी गेलं नव्हतं, जमीन बुडाली नव्हती, कुणाशी भांडण नव्हतं. एखादं दुःख असतं तर गावानं समजून घेतलं असतं.

अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, गावातच दिलेली. तिचा भावावर फार जीव. ती समजवायला यायची. ‘हात जोडायला काय जातंय रं? मनात काय बी असू दे.’

अप्पा म्हणायचे, ‘काय जात न्हाई, तर मला कामून जोडायला लावायलीस, अक्का?’

पुढं पाऊस नीट झालाच नाही. विहिरीनं तळ गाठला. देवळासमोर बैठक बसली आणि ठरलं, की बिरोबा रुसलाय आणि तो कुणामुळं हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. न्हावी यायचा थांबला. लग्नाची आवतणं थांबली. मग विहीर.

माय घागर घेऊन बौद्धवाड्याकडं निघाली तेव्हा अप्पा तिच्यासोबत गेले, मीही गेले. त्या लोकांनी दीक्षा घेतल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांचा आड ओढ्याच्या काठाला होता, पाणी गढूळ. गयाअक्का पोहरा ओढत होती. मजुरीला ती आमच्या शेतात यायची, पण तिच्याशी उभं राहून बोलताना अप्पांना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. अप्पांनी सगळं सांगितलं. आम्ही देव सोडला म्हणून गावानं बाहेर काढलं, म्हणाले.

तिनं पोहरा काठावर टेकवला. ‘आमीबी देव सोडले, दादा. पर आमाला त्येच्या आधीपासनंच भाईर ठेवलंय. तुमच्या हिरीवर आमी कवा दिसलाव का तुमाला?’

अप्पा रोज सकाळी त्या विहिरीवर आंघोळ करायचे.

‘तुमी वाईट न्हाईत,’ ती म्हणाली. ‘तुमाला दिसलंच न्हाई.’ आणि तिनं मायची घागर भरली. परत येताना अप्पा वाटेत दोनदा थांबले. त्यानंतर गाव सोडायचं त्यांनी ठरवलं.

गुलबर्ग्यात त्यांना डाळमिलमध्ये काम मिळालं. खोली बघायला गेलो तर घरमालकिणीनं आधी विचारलं, ‘निम्म मने देवरु यारु?’ तुमच्या घरचा देव कुठला? अप्पा तोंड उघडणार तोच माय म्हणाली, ‘बिरप्पा.’ बिरोबाला कन्नडात बिरप्पाच म्हणतात, आणि अप्पांचं नावही तेच. मालकीण खूश झाली, खोली मिळाली. मायनं खोटं सांगितलं नव्हतं. पण त्या खोलीत अप्पा कायम कुणाच्या तरी आडोशाला राहिल्यासारखे राहिले, दार पुढं लोटून, हळू बोलत.

मी कन्नड शाळेत शिकले, नर्स झाले. अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा माझा हात धरून म्हणाले, ‘मी गेल्यावर काय करू नका. नुसतं न्या.’

नुसतं नेता आलं नाही. गावाहून जीप भरून माणसं आली. आत्यानं भावाच्या कपाळाला भंडारा फासला, ओठांवर तीर्थ सोडलं. बिरोबाच्या नावानं चांगभलं झालं. मी म्हटलं, ‘आत्या, अप्पा नको म्हणले होते.’

‘दुखण्यातलं माणूस काय बी म्हणतंय, बाळ. आता कशाचा राग धरायचा? आपलाच हाय.’ ती ढसाढसा रडत होती. सगळ्यांनी मिळून त्यांना माफ केलं होतं. त्यांना काही बोलायचं असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. अजूनही दुपारी एकटी बसले की ते पिवळं कपाळ समोर येतं आणि पुसायला माझा हात उठतो.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेले होते. आत्या थकली आहे. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘आपल्या गावानं कधी कुणाला तरास दिला न्हाई बघ. दुष्काळच तसला पडला, गेलाव तुमी.’

‘आत्या, आम्हाला विहीर बंद केली होती.’

‘कवा?’ ती म्हणाली. तिनं मनापासून आठवून बघितलं. तिला आठवेना.

गयाअक्का दोन वर्षांपूर्वीच वारली. घर कुठलं असं कुणी विचारलं तर अजूनही माझ्या तोंडी त्याच गावाचं नाव येतं. तिथं आमच्यावर माया करणारी पुष्कळ माणसं आहेत. आमचं काय झालं हे ठाऊक असलेलं मात्र आता कुणी उरलं नाही.