परिशिष्टात माणसं नसतात

दादाचा फोन आला तेव्हा मी डेल्फ्टच्या स्टेशनखाली माझी सायकल शोधत होतो. "शुभदा गेली," एवढंच तो म्हणाला. मी मूर्खासारखं "कुठे?" असं विचारलं. वहिनी दवाखान्यातून घरी आल्या, रेनकोट काढता काढता खुर्चीत बसल्या आणि संपलं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. सायकल त्या दिवशी सापडली का, हे मला आजही आठवत नाही.

शुभदावहिनी म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको. दादाला फेल्डहोवनला नोकरी लागली तेव्हा त्या 'अवलंबित' असा शिक्का घेऊन या देशात आल्या. तो शिक्का त्यांना फार काळ मानवला नाही. डच शिकून त्या एका हाउसआर्ट्सच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात रिसेप्शनवर लागल्या. या देशात डॉक्टरला भेटण्याआधी रिसेप्शनिस्टला पटवावं लागतं, आणि ती बहुतेक वेळा दोन पॅरासिटामॉल घेऊन झोपायला सांगते. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला परत पाठवायचं, हे वहिनी रोज ठरवत. पुढे जे घडलं ते कळायला हे माहीत असलेलं बरं.

आमच्या कुळाचं एक मंडळ आहे. आडनाव सांगत नाही, मंडळाला अब्रूची फार काळजी असते. मंडळाला बोधचिन्ह आहे, कोटाला लावायची पितळी पिन आहे आणि मूळ पुरुषाचं तैलचित्रही आहे. मूळ पुरुषाला कोणीही पाहिलेलं नाही, पण चित्रकाराने त्याला आमच्या अध्यक्षांचं नाक दिलं आहे. अध्यक्ष म्हणजे पुण्याचे अण्णा. त्यांचा मुलगा अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला राहतो, त्यामुळे दर उन्हाळ्यात अध्यक्षपद इकडे मुक्कामाला येतं. युरोप शाखा त्यांनीच काढली आणि चिटणीस वहिनींना केलं, कारण बाकी आम्ही सगळे 'फार बिझी' होतो.

कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी अण्णांना शास्त्रीय पुरावा हवा होता. पुरुषांनी डीएनए चाचणी करायची, बापाकडून मुलाकडे जाणारा धागा तपासायचा आणि ज्याचा जुळेल त्याला आजीव सभासदत्व व पिन. मी म्हटलं, "अण्णा, मूळ पुरुषाचा नमुना कुठून आणणार?" ते म्हणाले, "तू थट्टा कर. थुंकी मात्र वेळेवर पाठव." मी पाठवली. दादानेही पाठवली. निकाल आले आणि त्यांच्याबरोबर यान्नेके आली.

यान्नेके पुण्याच्या एका अनाथाश्रमातून तान्ही असताना ब्राबांटमधल्या एका डच जोडप्याकडे दत्तक आलेली. त्याच थुंकीतून ती लॅब दोन्हीकडचे नातेवाईकही शोधून देते, आणि तिने ती चाचणी पूर्वी केली होती. तिचं नातं माझ्याशीही जुळलं आणि दादाशीही, म्हणजे आमच्या वडिलांकडच्या सामाईक घराण्यातून. तिने भीत भीत ईमेल लिहिलं. उत्तर म्हणून वहिनींनी तिला रविवारी जेवायला बोलावलं. वरणभात कालवत ती म्हणाली, "मला आईवडील आहेत, चांगले आहेत. मी कोणाला शोधायला निघालेली नाही. फक्त कुठल्यातरी पानावर, कुणाच्यातरी खाली माझं नाव असावं असं वाटतं." वहिनींनी तिच्या पानात तूप वाढलं आणि अण्णांना फोन लावला.

अण्णांचा पहिलाच प्रश्न : "बाप कोण?"

"ते तिलाही माहीत नाही."

"मग तिला लिहायचं कुणाच्या खाली? शंका आपल्या घरातल्या प्रत्येक पुरुषावर येईल!"

"येऊ दे की," वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या. "भावजी तर खूश होतील, त्यांच्यावर आजवर कुणी शंकाच घेतलेली नाही."

त्या उन्हाळ्यात शाखेची बैठक वहिनींच्या घरी झाली. अण्णा मोठ्या थाटात पिन लावून आले. त्यांचा स्वतःचा निकाल चिटणीस म्हणून वहिनींकडे नुकताच आला होता आणि तो सर्वांसमक्ष वाचायचा त्यांचा बेत होता. वहिनींनी त्यांना आधी बाजूला घेऊन सांगून पाहिलं, "अण्णा, हा आपण निवांत बघू." पण अण्णांना सभेसमोर वाचायची सवय. त्यांनी वाचला. त्यांचा धागा आमच्या कोणाशीच जुळत नव्हता.

"लॅबची चूक," अण्णा म्हणाले.

थोड्या वेळाने दादा हळूच म्हणाला, "अण्णा, तुमचे पणजोबा दत्तक ना?"

"हो. मग? ते आपलेच!"

"आपलेच. पण त्यांच्या दत्तक आईच्या माहेरचे."

ही गोष्ट लपलेली मुळीच नव्हती. दत्तकविधान किती थाटात झालं याचं वर्णन कुलवृत्तांतात आहे, अण्णा ते दरवर्षी वाचूनही दाखवतात. पण दत्तक घेतलेला मुलगा आमच्याकडे इतका पुरता घरचा होतो की त्याचं रक्त दुसरीकडचं आहे हे चार पिढ्यांत कोणाच्या डोक्यातही आलं नाही. ज्याने सगळ्यांची चाचणी करवली, त्याच्या तर नाहीच. अण्णा पिनशी चाळा करत राहिले. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "मग मी कोण?"

"तुम्ही अध्यक्ष," वहिनी म्हणाल्या.

मागे कोणी तरी फिस्सकन हसलं. वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की विनाकारण खोकणारा पेशंटसुद्धा गप्प बसला असता. मग त्या अण्णांसमोर स्टूल घेऊन बसल्या. "यात लॅबची चूक नाही आणि तुमचीही नाही. तुमच्या पणजोबांना कोणी रक्त विचारलं नाही, ते बरोबरच केलं. पण मग या मुलीकडे रक्त आहे, तर तिला बाप का विचारता? घरात आलेल्याला एक नियम आणि घरातून गेलेलीला दुसरा? माझ्यात तर या कुळाचा थेंबही नाही, आणि तुमची चिटणीस मी आहे."

त्या क्षणी त्यांना जिंकता आलं असतं. अण्णांच्या निकालावर बोट ठेवून सौदा करता आला असता, मी तर तेच केलं असतं. त्यांनी अण्णांच्या निकालाचा पुन्हा कधी उच्चार केला नाही आणि आम्हालाही करू दिला नाही. त्या फक्त यान्नेकेबद्दल बोलत राहिल्या. महिनोन्‌महिने. अण्णांनी तोडगा काढला : मुलीचं नाव परिशिष्टात घेऊ. वहिनींनी कळवलं, "परिशिष्टात माणसं नसतात. तिच्याशिवाय युरोप शाखेचा मजकूर मिळणार नाही." आवृत्ती अडली. मला आमच्या कुळाचा अभिमान वगैरे कधी वाटला नाही, शेकडो वर्षांत आम्ही मुख्यतः तंटे आणि लोणची घातली. पण या कुळात लग्न करून आलेल्या एका बाईने दोन माणसांची लाज एकाच वेळी राखली, आणि ती माझी वहिनी होती, हे मात्र मी कोणालाही छाती फुगवून सांगेन.

आवृत्ती अडलेली असतानाच वहिनी गेल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा मला पुण्याहून फोन आला. बराच वेळ नुसतं घसा साफ करणं चालू होतं. मग म्हणाले, "त्या मुलीला कोणी कळवलं का?"

"शुभदावहिनी गेल्याचं? ती इथेच आहे, दादाजवळ."

"ते नव्हे. तिला सुतक आहे, हे कोणी सांगितलं का?"

मी दारातून यान्नेकेकडे पाहिलं.

"दहा दिवस गोडधोड नाही. देवाला हात लावायचा नाही."

"तिच्याकडे देव नाहीत, अण्णा."

"मग सोपं आहे. लग्न झालंय का तिचं?"

"नाही. बास नावाच्या माणसाबरोबर राहते. दोन मुलं आहेत."

पलीकडे शांतता… मंडळाच्या इतिहासात इतकी शांतता मी ऐकली नव्हती. मग अण्णा म्हणाले, "लग्न नाही, म्हणजे गोत्र बदललेलं नाही. पूर्ण दहा दिवस. सांग तिला. नाही, थांब… फोन दे, मीच सांगतो."

अण्णांच्या इंग्रजीत ते काय बोलले कोण जाणे. यान्नेके ऐकत होती, 'येस' म्हणत होती आणि बाहीने डोळे पुसत होती. तिचा वाढदिवस त्याच दहा दिवसांत होता. या देशात आपल्या वाढदिवसाला ऑफिसात केक न नेणं म्हणजे जवळजवळ गुन्हा. तिने नेला नाही. कोणी विचारलं तर सांगत होती, "माझ्या घरात सुतक आहे." तो शब्द तिने मराठीच ठेवला.

तेराव्याला, गोडाच्या जेवणाला, ती वहिनींच्या स्वयंपाकघरात मोठा सफरचंदाचा टार्ट घेऊन आली. पुरणाशेजारी तो ठेवला गेला. व्हिडिओवरून अण्णांनी विचारलं, "त्यात अंडं आहे का?" कोणीच उत्तर दिलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. यान्नेकेने सगळ्यांना वाढलं, दादाला आग्रह करकरून वाढलं. घरात कितीही माणसं असली तरी सगळ्यांचं झाल्यावर वहिनी ओट्याशी उभ्याने, ताटली न घेता, उरलेला तुकडा खायच्या. त्या दिवशी हात धुवायला आत गेलो तर यान्नेके ओट्याला टेकून उभी होती, तळहातावर टार्टचा शेवटचा तुकडा घेऊन.