उन्हात न दिसणारी ठिणगी

नागापूरचा तो मेकॅनिक इंजिनाशी बोलत काम करी. कॉइलचं गणित मला त्यानेच शिकवलं होतं: बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह तुटला, की आतल्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा हजार व्होल्ट उठतात आणि ठिणगी पडते.

त्या दुपारी त्याच्या गॅरेजजवळच मोटार बंद पडली, तेव्हा मागच्या सीटवर माझी मुलगी बाळंतकळांनी कण्हत होती. ठिणगी पडते का ते पाहायला त्याने कॉइलची वायर इंजिनाजवळ धरून पाहिली, पण उन्हात ठिणगी दिसेना. मग झटक्यावरून अंदाज घ्यायला त्याने ती वायर सरळ मुठीत धरली.

"मारा सेल्फ, सायेब."

"अहो, पंधरा हजार व्होल्ट!"

"हिशेब मागनं करा. आधी ताईकडं बघा."

मी सेल्फ मारला. तो खांद्यापर्यंत हादरला.

"ठिणगी हाय, पन कमी वाटती. परत मारा."

या वेळी मी वाद घातला नाही. सेल्फ मारला, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळलं.