पंचाच्या घरची

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी रावांसाठी रसम-भात डब्यात भरत होते. ‘लगेच या’ एवढंच नर्स म्हणाली, आणि मला कळलं. तरी डब्याचं झाकण नीट लावलं, डबा घेऊनच गेले... राव म्हणजे माझे यजमान. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले, पण स्वयंपाक अजून दोघांचाच होतो.

राव तंजावरच्या मराठी घराण्यातले, चेन्नईत वाढलेले, मी नाशिकची. त्यांचं मराठी ऐकून मला हसू आवरत नसे, आणि माझं ऐकून सासूबाई विचारत, “ही बोलती का भांडती?” बॉलरूम नाचाचं वेड रावांना ऑफिसातल्या एका अँग्लो-इंडियन मित्रानं लावलं. मला त्यांनीच शिकवलं. “पायाकडं बघू नको मा, माझ्याकडं बघ,” असं नव्या नवरीला सासूसमोर सांगायचं म्हणजे काय! मी लाजून अर्धी झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी एग्मोरला एक हॉल भाड्यानं घेऊन रविवारचा वर्ग सुरू केला, आणि दरवर्षी जोड्यांची स्पर्धा भरवू लागले.

स्पर्धेचे नियम रावांचे, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सगळ्या जोड्या एकदम नाचायला लागायच्या. पंच त्यांच्यामधून फिरणार. ज्याच्या खांद्यावर हात ठेवील त्याची जोडी बाद. हुज्जत नाही, गाणं संपायची वाट बघणं नाही, तिथल्या तिथं बाहेर. शेवटी उरेल ती जोडी जिंकली. आणि सगळ्यात खाली माझ्या मुळावर आलेला नियम : पंचाच्या घरच्यांना भाग घेता येणार नाही. पंच कोण? राव. घरची कोण? मी एकटी! मग मी दरवर्षी रेशमी साडी नेसून गाणी लावायला बसायची. “एकदा तरी दुसरा पंच नेमा,” म्हटलं की म्हणायचे, “अय्यो, लोक काय म्हणतील? पुढच्या वर्षी बघूं मा.” मला बक्षीस नको होतं. घरी माझ्याशी नाचताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तो एकदा चारचौघांनी बघावा, एवढंच हवं होतं.

गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं निघालं, आणि आपणहून म्हणाले, “या वर्षी आपण नाचूं.” श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात काम करणारा कार्तिक हा त्यांचा लाडका विद्यार्थी, त्याला पंच केलं. पहिली काही गाणी आम्ही टिकलो. मग रावांना धाप लागली, पाऊल चुकलं. कार्तिक बिचारा घाबरत जवळ आला आणि त्यानं गुरूच्या खांद्यावर हात ठेवला. राव नाचतच राहिले. तो एक फेरी मारून आला, पुन्हा हात ठेवला.

“राव, आपण बाद झालो,” मी पुटपुटले.

“कळलं मा... गाणं संपूं दे.”

रडवेल्या झालेल्या जोड्यांनाही अर्ध्या गाण्यातून बाहेर काढणारा माणूस सगळ्या हॉलसमोर स्वतःचा नियम मोडून माझ्याशी नाचत होता. गाणं संपल्यावर त्यांनी मला खुर्चीपर्यंत नेलं, आणि कार्तिकची पाठ थोपटून तमिळमध्ये सांगितलं, तू बरोबर केलंस. इतकी सुखी मी कधीच नव्हते. आणखी एक गाणं मिळायला हवं होतं. अजूनही हवं आहे.

या नाचात बाई बहुतेक वेळ मागं मागं पावलं टाकते. मागं काय आहे ते पुरुषानं बघायचं. अण्णा नगरच्या आमच्या घरात संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती नाचायचो, पण त्याचा कोपरा मला एकदाही लागला नाही. राव अलगद वळवून न्यायचे. परवा न राहवून गाणं लावलं, आणि त्यांच्या खांद्याच्या उंचीवर हात धरून एकटीच उभी राहिले... पावलं आपोआप मागं निघाली. कोपरा कमरेत असा बसला की डोळ्यांपुढं अंधारी आली. चांगलंच काळंनिळं झालंय. शेजारीण मलम घेऊन आली, म्हणाली, “टेबल भिंतीला सरकवून देऊ का?”

मी नको म्हटलं.