पुस्तकातून नेलेली बादली

कोट त्यांचा होता, हे आधी सांगून टाकते. परदेशात तिथल्या भाषेत माझी कादंबरी छापणाऱ्या संपादकबाई मला घ्यायला विमानतळावर आल्या होत्या. माझा शाल-स्वेटर बघून त्यांनी अंगातला लोकरी कोट काढला आणि माझ्या अंगावर चढवला. पुढे राग आला तोही तो कोट घालून बसलेली असताना. उपकाराच्या उबेत बसून रागावणं किती अवघड असतं, ते मला तिथं कळलं.

माझं घर कांजूरमार्गच्या चाळीत, शहराचा कचरा टाकतात त्या डम्पिंगच्या शेजारी. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून मी ब्लाउज शिवते. मशीनवर बसून डोक्यात जमलेलं लिहीत गेले, त्याची कादंबरी झाली. मराठीत छापली गेली, तेच मला पुष्कळ होतं. मग हे परदेशचं बोलावणं आलं. तिकीट त्यांचं, हॉटेल त्यांचं, जेवणखाण त्यांचं. मी येताजाता सगळ्यांना थँक्यू म्हणत होते. हॉटेलातला टॉवेल वापरला की धुऊन वाळत घालत होते, गादीची चादर ताणून ठेवत होते. कुठं काही चुकलं तर कांजूरमार्गच्या सगळ्या बायांचं नाव खराब होईल, अशी धास्ती.

निघताना आईनं एकच काम सांगितलं होतं. ‘थंय बादलीचा वाचून दाखव. हसतत काय बघ.’

बादलीचं म्हणजे कादंबरीतलं आईचं प्रकरण. आमच्याकडे गणपतीत गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. कुणी गप्प राहायचं नाही, ही रीत. त्या वर्षी आईची नवी पिवळी बादली नळावरून गेली होती. कुणी नेली ते सगळ्या चाळीला ठाऊक, पण बोलणार कोण? बाबा गेल्यापासून आमच्या घरचं गाऱ्हाणं आईच घालायची. शेजारीपाजारी आरतीला जमले होते, बादलीवालीसुद्धा. आईनं हात जोडले. सगळ्यांना सुखी ठेव, पोरांना नोकऱ्या लाव, असं करत करत ती म्हणाली, ‘आणि म्हाराजा, माजी पिवळी बादली जेणा कोणी व्हरल्यान असात, तेका बरी बुद्धी दी, नि ती बादली माज्या दारात येवंदे!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळी खोली ओरडली. सगळ्यात मोठा आवाज त्या शेजारणीचा. दुसऱ्या दिवशी बादली दारात, वर झाकण घालून आत मोदक.

हे प्रकरण मी जिथं वाचलं तिथं लोक डोळे पुसत हसलेत.

कार्यक्रम दुपारी, एका पुस्तकाच्या दुकानात होता. माझं बोलणं तिथल्या भाषेत सांगायला नागपूरची एक मुलगी होती, तिथं शिकायला गेलेली. मला ताई म्हणायची. सुरू व्हायच्या आधी तिला म्हटलं, ‘मागच्या पानावर काय लिहिलंय गं?’

ती जरा अडखळली. ‘कचऱ्याच्या डोंगराखाली वाढलेल्या निरक्षर बाईची करुण कहाणी.’

निरक्षर? मग पुस्तक काय कचऱ्यानं लिहिलं? पण कोट अंगात होता. गिळलं.

मी बाबांच्या मरणाचं वाचावं असं संपादकबाईंनी ठरवलं होतं. वाचलं. लोकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मग पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठले आणि फार हळुवारपणे त्यांनी विचारलं, ‘तुमच्या पुस्तकात एकदाही कुणी हसत नाही. तिथं माणसं हसतच नाहीत का?’

मला वाटलं, मुलीनं सांगण्यात काही गडबड केली. ‘अगं, बादलीचं प्रकरण?’

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘कुठली बादली, ताई? मी तर पूर्ण पुस्तक वाचलं.’

संपादकबाई शेजारीच बसल्या होत्या. मी मुलीकरवी त्यांना विचारलं. त्या माझ्या हातावर हात ठेवून गोड आवाजात काहीतरी म्हणाल्या. मुलीनं खाली बघत सांगितलं, ‘त्या म्हणतात, प्रकरण गोड होतं, पण त्यानं दुःखाचा सूर तुटत होता. वाचक रडत असताना त्याला मध्येच हसवणं बरं नाही. म्हणून काढलं.’

काढलं! गिऱ्हाइकाची बाही बोटभर आखूड करायची झाली तरी मी फोन करून विचारते. इथं माझ्या आईला उचलून बाहेर ठेवलं आणि मला विचारायची गरजही कुणाला वाटली नाही. बाबांचं मरण हवं, डम्पिंगचा वास हवा, आई मात्र रडतीच हवी. तोच वास नाकात घेऊन ती बाई सगळ्या चाळीला हसवायची, ते नको. का? हसणाऱ्या बाईची कीव करता येत नाही म्हणून?

मी कोट काढला, नीट घडी केली आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. थँक्यू म्हटलं, ते मनापासूनच. मग उभी राहिले आणि पुस्तकात नसलेलं प्रकरण तोंडानं सांगायला लागले. मुलगी मागोमाग सांगत गेली. म्हातारे गृहस्थ आधी हसले, मग बाकीचे. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला मी त्यांना शिकवलं. जिभा वळेनात, पण म्हणाले.

मग मी हात जोडले.

‘बा देवा म्हाराजा, माज्या पुस्तकातली बादली जेणा कोणी व्हरल्यान असात, तेका बरी बुद्धी दी, नि पुढल्या छपाईक ती माज्या पानात परत येवंदे!’

काही न कळता सगळं दुकान ओरडलं, ‘व्हय म्हाराजा!’ संपादकबाईही, हसत, टाळ्या वाजवत. मग मुलीनं अर्थ सांगितला. दुकानात मोठा हशा झाला. संपादकबाईंचं हसू मात्र जागच्या जागी थिजलं. जाताना म्हणाल्या, बघू या. कोट पुन्हा पुढे केला. मी नको म्हटलं आणि हॉटेलपर्यंत कुडकुडत चालत गेले.

आईला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, ‘हसले मां?’

‘हसले गं. खूप हसले.’ मग तिला सगळंच सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘म्हणजे बादली अजून तिच्याकडेच हा?’

‘हो.’

‘मगे थँक्यू कसला म्हणतस गो? बादली दारात येयपर्यंत मी त्या शेजारणीवांगडा एक शब्द बोलूक नाय होतंय.’