गेला तो नदीपलीकडचा जॅक

बावीस वर्षं मॅलकी टूहीनं रंगमंचावर विधवेचं विनोदी सोंग आणलं. क्लेअर परगण्यात असा एक हॉल नव्हता, जिथं तो काळी शाल गुंडाळून, नवऱ्याच्या नावानं गळा काढत धाडकन आपटला नाही. पडून पडून गुडघा गेला, पन्नाशीत नाटक सुटलं आणि परगण्याच्या रेडिओवर सकाळची नोकरी लागली.

गाणी, हवापाणी, सगळं झकास. पण सव्वानऊला निधनवार्ता. आमच्याकडे रेडिओ लावतात तो त्यासाठीच. गाणी काय, कुठंही मिळतात. कोण गेलं, कुणाच्या घरी जायचं, हे कळल्याशिवाय कुणी गाई सोडत नाही. मॅलकीनं पहिली बातमी वाचली आणि घराघरांत लोकांना हसता हसता चहाचा ठसका लागला. त्यानं आवाज जड केला, तर जास्तच हसले. तेच तर त्याचं सोंग होतं. तिसऱ्या दिवशी केंद्र सांभाळणाऱ्या कन्सेप्टानं कागद काढून घेतला.

"माझी आई सख्ख्या दिराच्या मरणावर खिदळली, मॅलकी. तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"मग काय करू? आवाज बदलून आणू?"

"उद्यापासून फर्गल वाचेल. आणि ज्याला निधनवार्ता वाचता येत नाही, त्याला ठेवून मी काय करू? महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघ."

हे मॅलकीच्या फार जिव्हारी लागलं. नाटक गेलंच होतं. आता हेही गेलं तर त्याला ओळखणार कोण?

बातम्या वाचणाऱ्या फर्गलचा आवाज म्हणजे चर्चची घंटा. गुरुवारी त्यानं कागदावरचं जसंच्या तसं वाचलं: जॅक लिलिस, किलबेग. आता किलबेगात जॅक लिलिस दोन. एक घोडेवाला, बडबड्या. दुसरा नदीपलीकडचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अख्खा गाव मयताच्या घरी न्यायचे केक घेऊन घोडेवाल्याकडे लोटला, तर दार उघडायला तो स्वतः हजर. मग काय, रेडिओवाल्यांची चूक म्हणून मंडळी तिथंच बसली, बाटल्या उघडल्या. खरंच कुणी गेलंय का, हे एकानंही विचारलं नाही.

अकराला फोन वाजला. मॅलकीनं उचलला. नदीपलीकडच्या जॅकची बायको, डीलिया.

"चार वाजता त्याला चर्चला नेणार रे. घरात मी आणि फादर, दोघंच. दोनशे सँडविच तशीच पडलीत. इतका का तो नकोसा होता लोकांना?"

लोक कुठल्या जॅकच्या दारात गेले असतील, ते मॅलकीला उमगलं. त्यानं कन्सेप्टाला विचारलंसुद्धा नाही. चालू गाणं थांबवलं आणि आपल्या रोजच्या आवाजात बोलायला लागला.

"घोडेवाला जॅक धडधाकट आहे. त्याची दारू संपवा आणि उठा. गेलाय तो नदीपलीकडचा जॅक, दगडी कुंपणं रचणारा. तुमच्यातल्या निम्म्यांची त्यानंच रचलीत. मी आयुष्यभर पडत आलो, त्याचं एक कुंपण पडलं नाही. हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसायचा, माझा विनोद व्हायच्या आधीच हसायचा. डीलियानं दोनशे सँडविच करून ठेवलीत. हसू येत असेल तर तिच्याकडे जाऊन हसा."

दोनपर्यंत पुलापासून गाड्यांची रांग लागली. सँडविच संपली, शेजारणी पाव कापायला बसल्या. शवपेटीला पहिला खांदा घोडेवाल्या जॅकनं दिला. अंगणात कन्सेप्टा मॅलकीसमोर येऊन उभी राहिली.

"उद्या सव्वानऊला तू."

"आणि लोक हसले तर?"

"हसू देत की," डीलिया डोळे पुसत मध्येच म्हणाली. "आज माझ्या घरात सगळेच हसत होते. त्याच्याचबद्दल बोलत होते."

पुढं अठरा वर्षं मॅलकीनं परगण्यातलं एकेक माणूस पोचवलं. त्याच्या रजेत फर्गल वाचायचा, म्हणून म्हातारी माणसं जिवंतपणीच केंद्रावर फोन करून सांगायची, आमच्या वेळी तेवढी फर्गलला सुट्टी द्या.